स्तोत्राची उजवी बाजू

त्या सुट्टीच्या सकाळी मास्तरांच्या पदरात तीन गोष्टी पडायच्या होत्या, आणि तिन्हींसाठी त्यांना फक्त सरळ उभं राहायचं होतं. एक, नव्या स्तोत्रसंग्रहाच्या पहिल्या पानावर ‘संपादक’ या शब्दापुढं त्यांचं नाव. दोन, त्याच संग्रहातलं पहिलं स्तोत्र त्यांचं. तीन, सुताराचा पडलेला चेहरा. तिसऱ्या गोष्टीबद्दल ते कुणाकडं चकार शब्द काढत नसत, पण मनातल्या यादीत तीच अधूनमधून वर सरकायची.

तसे ते शाळेत कधीच मास्तर नव्हते. छापखान्यात पस्तीस वर्षं मुद्रितं तपासली, एवढंच. निवृत्त झाले, लाल पेन्सिल सुटली, पण चूक दिसली की उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांवर घासायची सवय काही सुटली नाही. दुकानाची पाटी असो की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, दुरुस्त केल्याशिवाय त्यांना पुढं जाववत नसे. म्हणून लोक त्यांना पाठीमागं ‘दुरुस्तीमास्तर’ म्हणत. समोर नुसतं मास्तर.

प्रार्थनाघरातली स्तोत्रंही त्यांच्याच हाताखालून जात. तिथली रीत जुनी होती. स्तोत्र लिहायचं ते कागदाला मधोमध घडी घालून. घडीच्या डावीकडं ओळीचा पहिला अर्धा, उजवीकडं दुसरा. डावीकडं माणूस देवाला काही म्हणतो. उजवीकडं तेच पुन्हा म्हणतो, पण वेगळ्या शब्दांत, एक पायरी आणखी खाली उतरून. वाचायच्या वेळी कागद घडीवर फाडतात. डावी बाजू ज्याचं स्तोत्र त्यानं म्हणायची, उजवी त्याच्या सर्वांत जवळच्या माणसानं, आणि ती त्यानं आधी पाहिलेली नसावी. कागदावर आहे तेच वाचायचं. कुठं कोरं असेल तर तिथं उजवीवाल्यानं स्वतःचं बोलायचं. आणि उजवी बाजू नीट पुरी होईपर्यंत डावीवाला पुढं सरकत नाही; तीच ओळ पुन्हा म्हणतो. ज्याचं गाऱ्हाणं अर्धं राहिलं तो जन्मभर अर्धाच ऐकला गेला, असं म्हातारी माणसं सांगत.

आधी हाक, मग गाऱ्हाणं, मग वळण, शेवटी स्तुती, असा स्तोत्राचा उतार. मास्तरांचं धोरण मात्र सुटसुटीत होतं. गाऱ्हाणं कापायचं, स्तुती वाढवायची.

“देवाला आपलं दुखणं कळत नाही होय? मग ते त्याला कशाला ऐकवायचं?” असं ते सुताराला म्हणत. सुताराच्या स्तोत्रांत गाऱ्हाणी फार.

“मग स्तुती तरी कशाला ऐकवता?” सुतार विचारायचा. “तीही त्याला ठाऊकच असेल की.”

या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळं मास्तरांनी सुताराची सात स्तोत्रं आजवर परत केली होती.

त्यांचं स्वतःचं स्तोत्र मात्र सगळ्यांना तोंडपाठ होतं. ‘तू दार उघडलंस’ या नावानंच ते ओळखलं जाई. कुणाच्या घरी कुणी वारलं की तेच म्हटलं जायचं, आणि लोक डोळे पुसत, हलके होऊन घरी जायचे. त्याचा जन्म एकतीस वर्षांपूर्वीचा. मास्तरांची अकरा महिन्यांची मुलगी एका दुपारी तापानं गेली. दोन महिन्यांनी बायकोनं त्यांच्यापुढं एक कागद ठेवला. घडीवर फाडलेला, नुसती डावी बाजू. मास्तरांनी तो वाचला, आणि त्यांची बोटं घासली जाऊ लागली.

“उजवी बाजू राहिलीय,” ते म्हणाले. “बरं झालं. मी भरून देतो.”

ती सुईत दोरा ओवत होती. दोरा तसाच हातात धरून तिनं त्यांच्याकडं पाहिलं, मांडीवरचं कापड जरा पुढं ओढलं. मग दोरा ओवला.

मास्तरांनी एका बैठकीत उजवी बाजू लिहून काढली. पहिली काही वर्षं ते ‘आम्हा दोघांचं स्तोत्र’ म्हणत. पुढं ‘आमचं’ झालं, आणि मग कधीतरी, कुणी हटकलं नाही म्हणून, ‘माझं’.

आता बायकोची साठी आली होती. साठीला प्रत्येकानं स्वतःचं एक स्तोत्र सगळ्यांसमोर वाचायचं, ही तिथली रीत; आणि योगायोगानं त्याच सकाळी, वाचनानंतर, नव्या संग्रहाच्या संपादकासाठी हात वर व्हायचे होते. बायकोचं स्तोत्र, मास्तरांची उजवी बाजू, भारावलेली सभा, आणि लगेच मतं. याहून चांगला मुहूर्त मास्तरांनी स्वतःही काढला नसता.

फक्त एक अडचण. ती दाखवत नव्हती.

“लिहिलंस का?” दोन दिवस आधी त्यांनी न्याहारीच्या वेळी विचारलं.

ती खिडकीशी बसून कोटाला काजं करत होती. शिंपी तिला आठवड्याला चाळीस कोट पाठवायचा. बटण कुणीही लावतं, काज मात्र तिनंच करावं, असं त्याचं मत होतं.

“लिहिलंय.”

“बघू की. अर्थाला हात लावत नाही. नुसता ताल बघतो.”

“उजवीवाल्यानं आधी बघायचं नसतं, अहो.”

“ते इतरांसाठी गं. मी आहे ना.”

“तुम्ही आहात म्हणूनच म्हणते.”

तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ आला. बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचा, सुरात लावून द्यायचा, आणि प्रार्थनाघरात वाजवायचाही तोच, म्हणून पेटीवाला. त्यानं एका नजरेत सगळं ओळखलं.

“ताई, भावोजींना एखादा जुना पेपर तरी दे गं दुरुस्त करायला. हात बघ कसे शिवशिवतायत.”

“तू गप. तुझी पेटी दीड सूर खाली बोलते,” मास्तर म्हणाले.

“तिला तुमची भीती वाटते भावोजी. बोलते हेच खूप.”

ती हसली नाही. तिनं कोट उलटा केला, काजाच्या आतल्या बाजूचा दोरा दातानं तोडला, आणि म्हणाली, “आतली बाजू कुणी बघत नाही. पण तीच आधी सुटते.” मास्तरांना वाटलं, कोटाबद्दल बोलतेय.

सुट्टीच्या सकाळी प्रार्थनाघर भरलं. लांबट खोली, दोन्हीकडं बाकं, पुढं एक उंच टेबल, मागं रस्त्यावर उघडणारं एकच दार. त्या दाराला आतून एक जाड लोखंडी कडी होती. तालमीच्या वेळी ती लावायची, एकदा गाणं सुरू झालं की कुणी यायचं नाही की जायचं नाही, हा मास्तरांचाच नियम. तरुणपणी त्यांनीच तो केला, आणि सुताराकडून ती कडी बसवून घेतली होती, कारण उशिरा यायची सर्वांत वाईट खोड सुतारालाच होती.

अध्यक्षबाई उभ्या राहिल्या. धान्याच्या दुकानात आयुष्य गेलेल्या, त्यामुळं बोलणं मोजकं. “काकूंची साठी. डावी बाजू काकू, उजवी मास्तर. त्यानंतर संग्रहाचं काम. मास्तर, आज तरी मधे थांबून चुका सांगायच्या नाहीत.”

बाकं हसली. मास्तरही हसले. अशा वेळी हसून घ्यावं. मतं जवळ आलेली असतात.

ती टेबलाशी आली. तिच्या हातात डावी बाजू नव्हतीच. पिशवीतून तिनं एकच अर्धा कागद काढला, चार घड्यांचा, कडा पिवळ्या पडलेल्या, आणि मास्तरांना दिला.

“डावी?” ते पुटपुटले.

“पाठ आहे.”

एवढा जुना कागद का, हा प्रश्न त्यांच्या मनात आला. पण उलगडायच्या आतच तिनं सुरुवात केली.

“दुपारच्या उन्हात मी तुला हाक मारली,”

सगळ्या खोलीतून एक समाधानाचा उसासा निघाला. तेच स्तोत्र! पेटीवाल्याची बोटं आपोआप ओळखीच्या चालीवर गेली. मास्तरांना गहिवरून आलं. स्वतःच्या साठीला, मतांच्या ऐन आधी, स्वतःचं काही न वाचता तिनं नवऱ्याचं स्तोत्र निवडलं. सुतार तिसऱ्या बाकावर होता, त्याच्याकडं एक कटाक्ष टाकून मास्तरांनी कागदाकडं न पाहताच आपला अर्धा म्हटला, “आणि हाकेच्या आधीच तू माझ्याजवळ होतास.” अर्धी सभा त्यांच्याबरोबर म्हणाली.

ती पुढं गेली नाही.

“दुपारच्या उन्हात मी तुला हाक मारली,”

विसरली, मास्तरांना वाटलं. वय झालं. त्यांनी मोठ्यानं, तिला आधार द्यावा तसं पुन्हा म्हटलं, “आणि हाकेच्या आधीच तू माझ्याजवळ होतास.”

“दुपारच्या उन्हात मी तुला हाक मारली,” ती तिसऱ्यांदा म्हणाली. आवाज तोच, ना चढलेला, ना उतरलेला.

बाकांवर चुळबुळ झाली. अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “मास्तर, कागदावरचं वाचा.”

मास्तरांनी चष्मा लावला, कागद उलगडला. अक्षर बायकोचं, पण आजचं नव्हे. तरुण, उभं, घाईचं अक्षर. डावी कड फाटलेली. ती कड त्यांच्या ओळखीची होती. घरी ट्रंकेत जपून ठेवलेल्या डाव्या बाजूला अशीच एक कड होती. वरच्या टोकाला आत गेलेली, मधे दातेरी. हा तिचा जोड होता. उजवी बाजू राहिली नव्हती. ती पहिल्या दिवसापासून होती.

त्यांनी वाचलं, “आणि माझी हाक उंबऱ्यावरच बसून राहिली.”

सभेला वाटलं, मास्तर चुकले. ती मात्र लगेच पुढं गेली.

“माझ्या कडेवर निखारा होता,”

‘तू त्याचं फूल केलंस’ हे मास्तरांचं वाक्य दोनचार म्हाताऱ्यांच्या तोंडून निसटलंच. कागदावर दुसरंच होतं. ते आता वेगात पुढं वाचत होते, डोळ्यांनी, छापखान्यात शेवटच्या मुद्रितावरून नजर फिरवावी तसे, कुठं काय बदलता येईल ते पाहत. तिसरी ओळ त्यांनी पाहिली. चौथी पाहिली.

“अकरा महिन्यांचा,” ते म्हणाले, आणि तिथंच थांबले. तेवढ्यावर भागेल, असा एक वेडा हिशोब.

“माझ्या कडेवर निखारा होता,” ती म्हणाली.

“अकरा महिन्यांचा. डोळे फिरवणारा.”

आता कुणीच बरोबर म्हणत नव्हतं.

“मी तुझं दार ठोठावलं. एकदा, दोनदा, सात वेळा,”

‘पहिल्याच थापेला तू दार उघडलंस’. एकतीस वर्षं हीच ओळ माणसं एकमेकांचे हात धरून म्हणत आली होती. ज्या घरांत नुकतं कुणी गेलं होतं ती घरं समोर बसली होती. मास्तरांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग कागदाकडं.

“आतून पेटी वाजत होती. मग ती वरच्या पट्टीत वाजायला लागली.”

पेटी थांबली. पेटीवाल्याचा भात्यावरचा हात तसाच राहिला, आणि आत उरलेली हवा एका बारीक, मरतुकड्या सुरात बाहेर पडत गेली.

मास्तरांना ती दुपार आठवली. आठवली म्हणजे पहिल्यांदाच दिसली. तालीम रंगात आलेली. मागून थापा. मेहुणा तेव्हा विशीतला पोरगा. वाजवता वाजवता त्यानं मान वळवली होती. “दार वाजतंय भावोजी.” आणि ते म्हणाले होते, “वाजू दे. सुतारच असणार. उशिरा यायची किंमत कळू दे त्याला एकदा. तू वरची पट्टी घे.” सगळे हसले होते. त्यांनी थापा मोजल्यासुद्धा होत्या, सुताराला नंतर चिडवायला. सुतार त्या दिवशी गावातच नव्हता, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं; पण दुसऱ्या दिवशी घरात मुलगी नव्हती, आणि थापा कुणाच्या, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

ती दवाखान्याकडं चालत गेली, हे त्यांना ठाऊक होतं. ती आधी इथं आली होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं. या क्षणापर्यंत. आणि ते त्यांना दुसऱ्या कुणी सांगितलंही नाही. स्वतःच्याच तोंडानं, शंभर माणसांसमोर, स्पष्ट उच्चारात त्यांनी ते स्वतःला वाचून दाखवलं.

“मी पायरीवर बसले,” ती म्हणाली.

“एक कडवं होईपर्यंत. रुमाल ओला केला होता, तो तिच्या कपाळावर सुकला.”

“वाट लांब होती,”

इथं मास्तरांचं होतं, ‘तूच माझा पाय झालास.’ फार नावाजलेला अर्धा. त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही. ती थांबली नाही, रागावली नाही; पुन्हा म्हणाली, “वाट लांब होती,”

“सायकल दाराशीच उभी होती,” मास्तर म्हणाले. “कुलूप लावलेली. किल्ली आत, त्यांच्या खिशात.”

पहिल्या बाकावरच्या बाईनं तोंडावर हात धरला. आता कुणाला काही समजवायची गरज नव्हती. इतकी वर्षं देवाचं म्हणून ज्या दाराचे आभार मानले, ते दार त्यांच्या पाठीमागं होतं. काहींनी तर मान वळवून पाहिलंसुद्धा. रंग उडालेलं, साधं दार, आणि ती कडी.

“मी पायी निघाले,”

“पुलाच्या मध्यावर ती जड झाली.”

रस्त्यावरून एक हातगाडी गेली. शेवटची ओळ उरली होती, वळणाची. तिथं मास्तरांनी स्तुतीचा कळस चढवला होता. ‘तुझा शब्द माझ्या जखमेवर मध झाला.’ आता त्यांना त्या वळणाचीच आशा होती. काहीतरी लिहिलं असेल तिनं. क्षमा, शिव्या, काहीही, ते वाचतील.

“आता तू बोल, मी ऐकते,” ती म्हणाली.

त्यांनी कागद पाहिला. उलटून पाहिला. शेवटच्या ओळीसमोर काहीच नव्हतं. कोरं.

“आता तू बोल, मी ऐकते.”

एकतीस वर्षं ज्याच्या त्याच्या कोऱ्या जागा भरून देणारा माणूस तोंड उघडं टाकून उभा होता. बोटं घासली जात नव्हती. अध्यक्षबाई अर्ध्या उठल्या, आणि पुन्हा बसल्या.

मग तिनं पहिल्यांदाच टेबलावरची नजर काढून नवऱ्याकडं वळवली, आणि जेवायला बोलवावं तशा घरच्या आवाजात म्हणाली, “आता तुम्ही बोला. मी ऐकते.”

“मी...” मास्तर म्हणाले. “थापा मी ऐकल्या होत्या. सात होत्या. मी मोजल्या होत्या.”

“मीपण ऐकल्या,” पेटीमागून आवाज आला. पेटीवाला उभा होता. साठीच्या घरातल्या बहिणीकडं पन्नाशीचा भाऊ पाहत होता, आणि चेहरा विशीतल्या पोराचा झाला होता. “ताई, तू होतीस? ताई, मी म्हटलं होतं यांना, दार वाजतंय म्हणून. पण मी वाजवत राहिलो गं.”

“माहितेय,” ती म्हणाली. “वरच्या पट्टीत.”

मास्तरांनी तिच्याकडं पाहिलं. “तू मला कधीच का नाही...”

“कागद दिला होता की तुम्हाला. उजवी बाजू कुठंय, एवढंच विचारायचं होतं. ती मी मांडीवरच्या कापडाखाली घेऊन बसले होते. तुम्ही म्हणालात, मी भरून देतो.” तिनं पिशवीचा बंद ओढला. “मग लोक ते म्हणून रडायला लागले, त्यांना बरं वाटायला लागलं. ज्याच्या त्याच्या घरात जाऊन मी कसं सांगू, की ते दार उघडलं नव्हतं म्हणून?”

संपादकासाठी हात वर झाले नाहीत. कुणी तो विषयच काढला नाही. सभा उठली नाही आणि बसूनही राहिली नाही. माणसं नुसतीच होती. मागं कसलातरी आवाज झाला म्हणून मास्तरांनी पाहिलं. सुतार दाराशी उभा होता. खिशात कायम बाळगायचा तो पेचकस काढून तो कडीचे स्क्रू सोडवत होता. चार स्क्रू. चौथा गंजलेला होता, त्याला वेळ लागला. “मीच बसवली होती,” तो कुणाला तरी म्हणाला. “माझ्यासाठीच बसवली होती.” तो वळला तेव्हा मास्तरांना त्याचा चेहरा दिसला. असा पडलेला चेहरा त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. यादीतली तेवढी एक गोष्ट त्यांना मिळाली.

“चला,” ती म्हणाली. “संध्याकाळी शिंप्याचा माणूस येईल. सहा कोट राहिलेत.”

मास्तर तिच्यामागून चालू लागले. रोज ते दोन पावलं पुढं असत.

संग्रह सहा महिन्यांनी निघाला. त्यात ते स्तोत्र दोन्ही मूळ बाजूंनी छापलं आहे. शेवटच्या ओळीची उजवी बाजू कोरी आहे, आणि ती छापखान्याची चूक नव्हे, असं खाली बारीक अक्षरात सांगावं लागलं. ती तळटीप तेवढी मास्तरांनी लिहिली. संपादक म्हणून कुणाचंच नाव नाही. सुताराच्या सात स्तोत्रांपैकी पाच आत आहेत, गाऱ्हाण्यांसकट.

आता कुणाचं काय गेलं ते पाहायचं तर, मास्तरांचं एक पान गेलं आणि एक स्तोत्र. पेटीवाल्याची वरची पट्टी गेली. तो आता खालीच वाजवतो. माणसांचं एक गोड गाणं गेलं. कुणी वारलं की पहिले काही महिने सगळे गोंधळल्यासारखे उभे राहत, आणि मग काहीजण आपलं खरं दुखणं बोलू लागत. तिचं एकतीस वर्षांचं गप्प राहणं गेलं. पण त्याची किंमत तिनं कधीच भरून टाकली होती, रोज थोडी, काजामागून काज. आणि सगळ्यांच्या आधी, एका दुपारीच, सगळीच्या सगळी किंमत जिनं भरली तिचं वय अकरा महिने होतं. तिला अजून एकही शब्द बोलता येत नव्हता.